लाल पेनातलं ‘सीन’

तेहतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. या काळात मी स्वतः सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला इंग्रजी शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मला डोकं खाजवावं लागणार नाही. ‘सीन’. म्हणजे पाहिलं. पानाच्या मधोमध लाल पेनाची मोठी तिरकी बरोबरची खूण, खाली ‘सीन’, त्याखाली माझी सही आणि तारीख. सही मात्र झोकदार हं. पोरं बाकावर कर्कटकाने तिची नक्कल कोरायची, आणि मी वरून रागावून मनातून खूश व्हायचे.

मी महाडची. शाळा पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून. सकाळची एस.टी., संध्याकाळची एस.टी. आणि हातात वह्यांची पिशवी, असा सगळा जन्म गेला. बाहेरच्या लोकांना वाटतं, शिक्षिकेचं काम म्हणजे शिकवणं. अहो, शिकवणं हा त्यातला आरामाचा भाग. खरं काम वह्यांचं. माझ्याकडे तीन इयत्ता, प्रत्येकीच्या दोन तुकड्या, तुकडीत साठाच्या आसपास मुलं, आणि प्रत्येकाची गृहपाठाची वही वेगळी, निबंधाची वेगळी, व्याकरणाची वेगळी. सगळ्यांत महिन्याच्या महिन्याला सही दिसली पाहिजे, कारण तपासणीला येणारे साहेब बाकी काही बघोत न बघोत, लाल शाई बघतात.

म्हणून आमची एक पद्धत असायची. वर्गाची मॉनिटर सगळ्या वह्या हव्या त्या पानावर उघडायची, एकीत एक अडकवायची आणि थप्पी टेबलावर आणून ठेवायची. खूण, सीन, सही, तारीख, वही बाजूला. खूण, सीन, सही, तारीख, वही बाजूला. मधल्या सुट्टीत चहा निवायच्या आत साठ वह्या व्हायच्या. ‘चेक्ड’ लिहायचं नाही, हे मला पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ सरांनी बजावलं होतं. ते म्हणाले, "चेक्ड लिहिलंत आणि आत चूक निघाली तर ती तुमची. सीन लिहिलंत तर तुम्ही फक्त पाहिलंय." मग मुख्याध्यापक माझ्या पाठाच्या टाचणवहीवर सीन लिहायचे, आणि वर्षातून एकदा साहेब येऊन मुख्याध्यापकांच्या लॉगबुकावर सीन लिहायचे. खालपासून वरपर्यंत सगळं पाहिलेलं असायचं आणि कुणी काही वाचलेलं नसायचं. आता माझी भाची मला म्हणते, "आत्या, तू मेसेज सीन करून ठेवतेस, उत्तर देत नाहीस." मी हसते. तिला काय सांगू, मी यात मुरलेली आहे.

एकदा मात्र पकडले गेले. रफिकभाई म्हणून एक पालक होते, दुबईत क्रेन चालवायचे, सुट्टीवर आले होते. ते मुलाची निबंधाची वही घेऊन शाळेत आले. निबंध होता गाईवर. पहिल्या परिच्छेदात गाईला चार पाय, दोन शिंगं, सगळं यथास्थित. दुसऱ्या परिच्छेदात गाय दुबईला जाते, क्रेन चालवते आणि घरी टेपरेकॉर्डर पाठवते. त्या टेपरेकॉर्डरवरूनच माझी खूण गेली होती, आणि खाली सीन.

स्टाफरूममध्ये हशा पिकला. मीही हसले, दुसरं काय करणार? रफिकभाईपण पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, पोराला मी काय बोलणार नाय, त्याने गंमत केली. पण तिकडे आमचा फोरमन रोज सकाळी क्रेनचा कागद भरतो. वायर बघितली, ब्रेक बघितला, आणि खाली लिहितो सीन. त्याने ते लिहिलं की मी बिनघोर वर चढतो. खालून माणसं चालतात ना मॅडम."

मी म्हटलं, "भाई, इथे गाईखाली कोण मरतंय?"

"तेपण खरं," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. पुढचा महिनाभर मी प्रत्येक वही वाचली. मग सहामाही आली, आणि थप्पी पुन्हा पहिल्यासारखी सरकायला लागली.

एक सांगते, शिकवण्यात मी कसूर केली नाही. ‘सी’ हा शब्द शिकवायला तर मला फार आवडायचं. तीन अक्षरांचा एवढासा शब्द, पण किती कामाला येतो! डोळ्यांनी बघणं आलं, डॉक्टरला दाखवायला जाणं आलं, कळलं म्हणणं आलं. ‘सी ऑफ’ तर मुलांना समजावून सांगावं लागायचंच नाही. आमच्याकडे बहुतेकांचे वडील मुंबईला. गणपती झाले की सगळी वाडी पोलादपूरच्या स्टँडवर त्यांना पोचवायला जायची. मी नुसतं म्हणायचे, "स्टँडवर आपण काय करतो रे?" की पोरं एका सुरात ओरडायची, "सी ऑफ!" आणि पुढच्या सुट्टीत कबड्डीवरून भांडण झालं की एखादा मूठ वळून दुसऱ्याला दम द्यायचा, "आय विल सी यू!" बघून घेईन तुला. मी व्याकरणाला मार्क देऊन दोघांचे कान धरायचे.

शिकवून झालं की गृहपाठ ठरलेला. ‘सी’ वापरून दहा वाक्यं करा. पाच होकारार्थी, पाच नकारार्थी.

आता वनिताचं सांगते. खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले, आणि इतका वेळ गाई हाकत बसले.

वनिता कुडपणची. गाव वर पठारावर, खाली रोज येणं-जाणं शक्य नाही, म्हणून आठवीपासून शाळेजवळच्या वाडीत आत्याकडे राहायची. वडील मुंबईत हमाली करायचे. मुलगी उंच, काटक आणि मुकी म्हणावी इतकी गप्प. आमच्याकडे उंचीप्रमाणे बसवायची पद्धत, त्यामुळे ती अगदी शेवटच्या बाकावर. शेजारी रेखा, आत्याच्या शेजारच्या घरातली. मी फळ्यावर लिहायला लागले की रेखा फळ्याकडे बघायची आणि वनिता रेखाच्या वहीत. लिहिताना मान इतकी खाली की नाक वहीला लागायचं. "ताठ बस गं, झोप आली का?" असं मी किती वेळा ओरडले असेन.

त्या काळी घटक चाचणीचे प्रश्न आम्ही फळ्यावरच लिहायचो. चाचणीत वनिताचे पेपर अर्धेअधिक कोरे, आणि जे लिहिलंय ते रेखासारखं. नववीत दिवाळीनंतर मी तिला उभं केलं आणि वर्गासमोर सांगितलं, "दुसऱ्याच्या वहीत बघून पास होता येत नसतं." रेखाला उचलून पहिल्या बाकावर आणलं, आणि वनिताला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. मला वाटलं, मी शिस्त लावली.

यातलं मला आज सगळ्यात झोंबतं ते हे, की मी स्वतः पाचवीपासून चष्मा लावते.

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले, तेव्हा निकालाचा कागद घेऊन वनिताचे वडील माझ्याकडे आले. पोरगी चार विषयांत नापास. पांढरा धुतलेला शर्ट, हातात टोपी. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बाई, तुमी सांगाल तसं. डोकं हाय का नाय हिला? असंल तर पोटाला चिमटा काढून शिकिवतो. माझ्या घरात आजून कोन धाव्वीपातूर गेला नाय."

मी शहाणी. मी म्हटलं, "खरं सांगू का, तिचं लक्षच नाही. बघून लिहिते. आणखी एक वर्ष घालवून काही निघेल असं मला वाटत नाही."

त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. लोकं खरं सांगत नायत." आणि हात जोडून गेले. वनिता जूनमध्ये शाळेत आली नाही. हजेरीपटावरचं तिचं नाव मीच खोडलं.

पुढे मी तिला विसरले. खोटं कशाला बोलू, साफ विसरले. इतकी मुलं येतात आणि जातात.

निवृत्त व्हायच्या आठवड्यात मी माझं शाळेतलं लोखंडी कपाट रिकामं करत होते. तळाला नमुन्याच्या वह्यांचा गठ्ठा होता. तपासणीला साहेब आले की त्यांच्यापुढे ठेवायला आम्ही वर्गातल्या चार-दोन नीटनेटक्या, पूर्ण वह्या काढून ठेवत असू. त्यात एक वही वनिताची निघाली. अक्षर मोत्यासारखं, एकही धडा सुटलेला नाही. वर्गात दिसलं नाही ते सगळं तिने रोज संध्याकाळी रेखाच्या घरी बसून उतरवलेलं होतं, हे मला फार नंतर कळलं. चार विषयांत नापास झालेल्या मुलीची वही मीच नमुना म्हणून निवडली होती, आणि तेव्हाही मला काही खटकलं नव्हतं.

सहज चाळायला लागले, तर ‘सी’ची दहा वाक्यं समोर आली. पहिली पाच अशी. आय सी माय हँड. आय सी माय नोटबुक. आय सी राईस. आय सी कॅट. आय सी रेखा नोटबुक. हात, वही, ताटातला भात, मांडीवरचं मांजर आणि शेजारणीची वही. सगळं हाताच्या अंतरावरचं.

मग नकारार्थी. आय डू नॉट सी बोर्ड. आय डू नॉट सी एस.टी. नेम. आय डू नॉट सी मँगो ऑन ट्री. आय डू नॉट सी स्टार. आणि दहावं, आय डू नॉट सी माय फादर.

त्या पाचही वाक्यांवरून माझी झोकदार खूण गेली होती. खाली लाल शाईत सीन, सही आणि जानेवारीतली तारीख. म्हणजे रेखाला मी उचलून पुढे नेलं, त्यानंतरची.

मी खाली फरशीवरच बसले. शिपाईमामा धावत आले, म्हणाले, "बाई, चक्कर आली का?" मी हो म्हटलं.

लगेच उठून तिला शोधायला गेले असते तर सांगायला बरं वाटलं असतं. गेले नाही. वही घरी आणली आणि साड्यांच्या खाली ठेवली. तीन वर्षं ती तिथे होती. साडी काढताना हाताला लागायची, मी वरची साडी काढून कपाट लावून घ्यायचे. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी गेल्या वर्षी चवदार तळ्याच्या रस्त्यावर भाजी घेताना रेखा भेटली. तिच्याकडून कळलं की वनिता लग्नानंतर बरीच वर्षं मुंबईत होती, आणि आता आई गेल्यावर घर बंद पडू नये म्हणून नवऱ्यासकट कुडपणला येऊन राहिली आहे. कपडे शिवते. रेखाने विचारलं, "बाई, तुम्हाला आठवते ती?" मी तिच्याकडून कुडपणच्या घराची खूण विचारून घेतली.

पोलादपुरातून जीप ठरवून वर गेले. घर सापडायला त्रास पडला नाही. ओटीवर शिलाई मशीन, आणि मशीनवर वाकलेली एक उंच बाई, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. तिने मान वर केली आणि मी अजून रस्त्यावर असतानाच ओरडली, "अगो बाय! बाई तुमी? वलखलं मी लांबनं!"

लांबनं.

तिने पाणी दिलं, चहा ठेवला. भिंतीवर तिच्या वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. मी त्याच्याकडे पाठ होईल अशा बेताने बसले. पिशवीतून वही काढून तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "वनिता, हे मी तेव्हा वाचलं नव्हतं गं."

तिने पान वाचलं. ओठ हलवत, सावकाश, सगळी दहा वाक्यं. मग म्हणाली, "वाचलं नवतंत?"

"नाही."

"पन सीन लिवलंय की."

"लिहिलंय. न वाचता लिहिलंय."

तिने मशीनवरचा ब्लाऊज उचलला, पुन्हा ठेवला.

"मी काय तक्रार केली नवती बाई. नायवाली पाच वाक्यं पायजे व्हती, म्हनून जे दिसत नवतं ते लिवलं. मंग तुमच्याकडनं वही आली, सीन लिवलेली. म्हटलं, बाईंनी वाचलं. वाचून काय बोलल्या नाय, म्हंजे सगळ्यांनाच आसंच दिसत आसंल. चांदण्या काय पुस्तकातच आसतील. बाकीची पोरं हुशार हायत म्हनून त्यांना फळ्यावरचं वाचता येतं, आनि मी ढ."

मला रफिकभाईंचा फोरमन आठवला. सीन लिहिलं होतं म्हणून ती बिनघोर राहिली.

तिने मग बाकीचं सांगितलं. लग्न होऊन मुंबईला गेल्यावर बसचा नंबर दिसेना. थांब्यावरची एक अनोळखी बाई तिला सरळ चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. चष्मा लागला त्या वर्षी गणपतीत ती कुडपणला आली आणि अंगणात मान वर करून इतका वेळ उभी राहिली, की आईला वाटलं हिला बाधा झाली. "येवढं व्हतं वरती, बाई! आनि मी हितंच जन्मलेली!" हे सांगताना ती हसली. मीही हसले.

मग तिचं हसू गेलं. तिने माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघितलं.

"बा त्याच्या आदल्या वर्षी गेला. त्याला ठावंच नाय. तो मरंपातूर लोकांना सांगायचा, माजी पोरगी गुनाची हाय पन डोकं नाय. बाईंनी सोता सांगितलं म्हनायचा."

मी हात जोडून तिची माफी मागितली. ती ‘असू दे’ म्हणाली नाही, आणि ‘तुमचं काय चुकलं’ असंही म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं. म्हणाली असती तर मी तेवढ्यावर घरी जाऊन निवांत झोपले असते, आणि तेवढी माझी लायकी नाही.

"लाल पेन हाय का तुमच्याकडं?" तिने विचारलं.

असतंच. निवृत्त झाले तरी पर्समध्ये लाल पेन असतंच. तिने ते घेतलं, वही मशीनच्या फळीवर ठेवली आणि सहाव्या वाक्यातलं ‘डू नॉट’ खोडलं. आय सी बोर्ड. मग एस.टी.च्या नावाचं खोडलं. मग झाडावरच्या आंब्याचं. चांदणीपाशी जरा थांबली, आणि तेही एका सरळ रेघेत खोडलं. दहाव्यावर, वडिलांच्या वाक्यावर, पेन टेकवलं आणि उचललं.

"ह्ये ऱ्हाऊ दे," म्हणाली.

मग वही माझ्याकडे सरकवली. "सही करा बाई. पन वाचून."

मी चष्मा पुसला आणि वर्गात वाचायचे तशी पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागले. हात, वही, भात, मांजर, रेखाची वही. फळा, एस.टी., आंबा, चांदणी. नवव्यापर्यंत मी वाचलं. दहावं तिने म्हटलं, वहीकडे न बघता.